शहाण्णव कुळे आणि सातबाऱ्यातले कूळ

आमच्या कल्याण तालुक्यात अलीकडे घराण्यांचे पीक मोठ्या जोमाने आले आहे. भाताचे पीक कमी झाले, त्याची भरपाई बहुधा अशी होत असावी. जमीन बिल्डरास गेली, पैका आला, बंगला उभा राहिला, की फाटकावर ढाल चढते. ढालीवर दोन तलवारी, दोन्ही बाजूंस सिंह, आणि खाली ‘अमुक राजघराणे’ अशी सोनेरी अक्षरे. पाठोपाठ गुळगुळीत कागदावर छापलेला कुलवृत्तांत घरोघर वाटला जातो. त्याच्या पहिल्या पानावर सूर्य किंवा चंद्र असतो, दुसऱ्या पानावर राजपुतान्यातला एखादा राजा असतो, आणि चौथ्या पानावर एकदम आपले पणजोबा उभे राहतात. मधली पाचसहाशे वर्षे कोठे गेली असे विचारणारा मात्र कुळाचा वैरी ठरतो.

आपल्या वाडवडिलांची नावे ठाऊक असावीत, यात वाईट काही नाही. आमचे भांडण आहे ते विकत घेतलेल्या वाडवडिलांशी.

प्रथम त्या ढालीचेच पाहू. हा थाट आमच्या मातीतला नव्हे. इंग्लंडात जमीनदार घराण्यांनी ढालीवर चिन्हे मिरवायची आणि सरकारी भाटांनी त्यांची नोंद ठेवायची, अशी जुनी चाल आहे. त्या भाटांचे ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ नावाचे खाते १४८४ साली राजाच्या सनदेने निघाले. १५३० पासून १६८८ पर्यंत हे भाट परगण्यापरगण्यातून फिरत, प्रत्येक जमीनदारास त्याची वंशावळ विचारीत, आणि ज्यास पुरावा देता येत नसे त्याची ढाल खोटी म्हणून जाहीर करीत. आपल्याकडच्या संस्थानिकांना ही चिन्हे मिळाली ती १८७७ सालच्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका मुलकी अंमलदाराने ती रेखाटली आणि झेंड्यांवर भरून ती राजेरजवाड्यांस बक्षीस देण्यात आली. म्हणजे ज्यांचे पूर्वज तलवार गाजवून गेले, त्यांच्या तलवारीचे चित्र काढून देणारा गोरा कारकून! आमच्या फाटकावरचे सिंह त्या झेंड्यांवरून उतरले आहेत, सह्याद्रीवरून नव्हेत.

मग आमच्या ठाणे प्रांतात जुने काहीच नव्हते काय? होते. ठाणे हे शिलाहार राजांचे श्रीस्थानक. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असे. सोन्याचा गरुडध्वज मिरवणारे आणि तगरपुराचे स्वामी अशी बिरुदे ते लावीत, आणि आपला वंश जीमूतवाहन विद्याधरापासून सांगत. हा जीमूतवाहन म्हणजे नागांच्या बदली गरुडास स्वतःचा देह देणारा कथेतला पुरुष. एवढा दिव्य वंश सांगणारे हे राजे बहुतेक काळ राष्ट्रकूटांचे आणि मग इतरांचे मांडलिक होते. मांडलिकास वंश जरा मोठाच सांगावा लागतो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख असलेले अंबरनाथचे देऊळ त्यांच्याच काळचे. त्या देवळाचे दगड कोणी घडविले त्यांची वंशावळ कोणत्याही ताम्रपटावर नाही.

उत्तर कोकणातल्या घराण्यांचा दुसरा मोठा कागद म्हणजे महिकावतीची बखर. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. तीत केळवे-माहीमच्या बिंबराजाबरोबर कोण कोण आले, सोमवंशी कोण, सूर्यवंशी कोण, शेषवंशी कोण, कोणत्या कुळाचे गोत्र आणि देवी कोणती, याची मोठी जंत्री आहे. तिचा मुख्य भाग शके १३७० च्या सुमाराचा, म्हणजे बिंबांचे राज्य बुडून गेल्यानंतरचा. राज्य गेले, वतने डळमळू लागली, तेव्हा वंश लिहून ठेवण्याची घाई झाली. आमच्या मते या बखरीतली सर्वांत खरी गोष्ट ही घाईच आहे.

आणि जव्हार! एकेकाळी ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेले हे महादेव कोळ्यांचे मुकणे राजघराणे आम्हा बहुजनांस अभिमानाचे. १३४३ साली दिल्लीच्या बादशहाने त्यांच्या निमशहास राजा म्हणून मान्यता दिली. भिक्षुकशाहीने ज्यांस सावलीत उभे केले नाही त्यांनी सहाशे वर्षे राज्य राखले. पण त्या राज्याच्या उगमाची कथा सरकारी गॅझेटियरात काय दिली आहे ते वाचा. जव्हार पूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबा मुकण्याने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली, कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या लांब पसरल्या, आणि त्यांच्या आत येईल तेवढा मुलूख घेतला. हीच कथा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरल्या कार्थेज शहराच्या डायडो राणीविषयीही सांगतात, तेव्हा ती इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. पण कथा काय लक्षात ठेवते आणि काय विसरते ते पाहावे. कातडे कापणाराचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ज्याची जमीन गेली तो नुसता ‘वारली’ राहिला. पुढे १९४५ साली त्याच वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उठावे लागले.

येथे कोणी शिवछत्रपतींचे उदाहरण देईल. दिलेच पाहिजे. १६७४ साली राज्याभिषेक करावयाचा तर क्षत्रियत्व सिद्ध करा, असा अडथळा आला. मग गागाभट्ट आले, उदेपूरच्या शिसोद्यांशी भोसल्यांचा सांधा जोडला गेला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी राजाची मुंज झाली. किल्ले आधी झाले, आरमार आधी झाले, आणि ते कल्याण-भिवंडीच्या खाडीत सुरू झाले हे आम्हास सांगावयास नको. वंशावळ शेवटी झाली. पण राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून जी राजमुद्रा त्यांच्या पत्रांवर उमटत होती, तीत काय आहे? शहाजीच्या पुत्राची मुद्रा, एवढेच. बापाचे नाव आहे, सूर्याचे नाही. जे तरुण ती मुद्रा मोटारीच्या काचेवर चिकटवून ‘आम्ही सूर्यवंशी’ म्हणतात, त्यांनी एकदा तिचा अर्थ कोणाकडून तरी समजून घ्यावा. १८९९ मध्ये कोल्हापुरास शाहू छत्रपतींना पुन्हा त्याच प्रश्नाने गाठले, वेदोक्ताचा वाद पेटला, तो महाराजांनी नेटाने लढविला. पण १९०२ च्या जुलैत त्यांनी निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा कोणास सूर्यवंशाचा दाखला मागितला नाही.

एक दगडाची गोष्ट सांगतो. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाड्यास शिलाहार केशिदेवाचा शके ११६१ चा दानलेख आहे. अशा दगडांस आपल्याकडे गधेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, म्हणजे हे दान चंद्रसूर्य असेतोवर टिको. आणि हे दान जो मोडील त्याच्या आईस गाढव लागो, असे खाली चित्र. जमिनीच्या या मोठमोठ्या कागदांतून आणि दगडांतून बाईचा उल्लेख शोधू जावे तर तो बहुधा असा शिवीत सापडतो. कुलवृत्तांतांतही तेच. मुली ‘दिल्या’ म्हणून सुटतात, सुना नावाशिवाय येतात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा सरकारी निर्णय झाला हे बरे झाले, पण जातीच्या दाखल्यास जोडावयाची वंशावळ अजून बापाच्याच ओळीने चालते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या मराठी भाषेत ‘कूळ’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. शहाण्णव कुळांतले कूळ म्हणजे घराणे. सातबाऱ्यावरचे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. या तालुक्यातल्या शंभरांतल्या किती घरांचा खरा इतिहास पहिल्या कुळात आहे आणि किती घरांचा दुसऱ्या कुळात, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. आगऱ्यांच्या मिठागरांचा, कुणब्यांच्या अर्धेलीच्या भाताचा, सावकाराच्या वहीवरील आंगठ्यांचा इतिहास दुसऱ्या कुळातला. १९४८ चा कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा हा जमिनीचा मालक मानला गेला, आणि आज ज्या जमिनीच्या पैशावर ढालींचे सिंह उभे आहेत ती जमीन पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी घरात आली. फाटकावर लावावयाचेच असेल तर खरेदीच्या त्या प्रमाणपत्राची चौकट करून लावावी. ते बापाने किंवा आज्याने मिळविलेले आहे, आणि त्यात खोटे एक अक्षर नाही.

कूळ शब्दाच्या या खेळात शाळामास्तर कसा सापडला तेही सांगतो. इंग्लंडात जे काम भाटांनी केले ते आपल्याकडे गोरगरिबांसाठी मराठी शाळेच्या मास्तराने केले, फक्त ढालीशिवाय. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात ही त्याने टाकाने लिहिली, आणि आज त्या एका ओळीवर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अडून राहते. शिरगणतीच्या काळात आपणास क्षत्रिय लिहा, मराठा लिहा, म्हणून खटपट करणारे आजे होते. आज त्यांचेच नातू ‘कुणबी’ हा शब्द त्याच रजिस्टरात भिंग लावून शोधीत आहेत. त्यासाठी २०२३ च्या सप्टेंबरात सरकारला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमावी लागली. आम्हास यात हसण्याजोगे काही दिसत नाही. मानाची भूक होती तेव्हा एक शब्द हवा होता, पोटाची लागली तेव्हा दुसरा. दोन्ही वेळी वंश हा अर्जाचा कागदच होता.

परंतु ज्यांच्याकडे अर्जाला जोडावयास कागदच नाही त्यांचे काय? अनुसूचित जमातीच्या मुलास १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात, इतर मागासवर्गीयास १९६७ च्या आधीचा. ज्याच्या घरी वतन होते त्याच्याकडे सनद आहे, ज्याच्याकडे कूळहक्क होता त्याच्याकडे उतारा आहे. आमच्याकडच्या कातकऱ्याच्या पोराने काय दाखवावे? त्याचा आजा रानात कोळसा पाडीत होता, बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर होता. शाळेत कोणी गेला नाही, सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले नाही. जमिनीच्या कागदामागून वंशाचा कागद सावलीसारखा येतो. ज्याची जमीन आधी हिरावली गेली त्यास आज पुन्हा विचारावयाचे की तुझी वंशावळ कोठे आहे, हा न्याय चमत्कारिक आहे. घरी जाऊन चौकशी करण्याची सोय नियमांत आहे. ती कागद असलेल्यांवर संशय घेण्यापेक्षा कागद नसलेल्यांस कागद मिळवून देण्यासाठी वापरावी, आणि दाखला मुलगा दहावीत येण्याची वाट न पाहता पहिलीतच द्यावा. एवढी मागणी तालुक्यातल्या सर्व जातींच्या पुढाऱ्यांनी मिळून केली, तर कुलवृत्तांत छापण्यास लागतो त्याच्या दशांश खर्चात ती तडीस जाईल.

जुनी रजिस्टरे वाळवी खात आहे. कित्येक मोडीत आहेत आणि मोडी वाचणारा तालुक्यात शोधून आणावा लागतो. ज्या घराण्यांस पैका जड झाला असेल त्यांनी आपल्या गावच्या शाळेची रजिस्टरे छायाचित्रित करून द्यावीत. त्यांत त्यांचे घराणे सापडेल, शेजारच्या पाड्यावरचेही सापडेल, आणि दोन्ही एकाच शाईत लिहिलेली सापडतील. आमच्या शाळेतले रजिस्टर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाहावयास मिळते. वंशावळ लिहावयास येणाऱ्याने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईस बरोबर आणावे. कागदात जेथे भोक पडले असते, तेथली नावे बहुधा तिलाच आठवतात.