शितावरून भाताची परीक्षा



आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एक शीत बोटांत दाबलं की कळतं. त्यासाठी कोणी अख्खं पातेलं फस्त करत नाही. पण हल्ली नोकरी देणारे काहीजण नेमकं हेच करतात.

आपल्या पार्सिपनीत रूट ४६ आणि २८७ च्या आजूबाजूला ऑफिसंच ऑफिसं. आपली नातवंडं तिथे मुलाखतीला जातात. एक मुलाखत फोनवर, दुसरी कॉम्प्युटरवर, तिसरी समोरासमोर, आणि मध्येच, "हा छोटासा प्रॉजेक्ट घरून करून पाठवा." माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अशा 'छोट्याशा' कामात चार दिवस घातले. पुढे ना पैसे, ना होकार, ना नकार. महिनाभर बिचारी फोन उशाशी घेऊन झोपायची. वॉर्डात रिपोर्टची वाट बघणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. वाईट बातमी माणूस पचवतो, पण कोणी काही बोलतच नाही, ते पचत नाही.

आता कायद्याचं. अमेरिकेत किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ साली झाला. १९४७ साली सुप्रीम कोर्टापुढे एक खटला आला. रेल्वेत ब्रेकमनची नोकरी मागणाऱ्यांना आधी सात-आठ दिवस बिनपगारी ट्रेनिंग असे. कोर्ट म्हणालं, हे कामगार नव्हेत. कारण त्यांच्यामुळे कुठल्या कामगाराची जागा भरत नव्हती, उलट कधी कधी कामाचा खोळंबाच व्हायचा. म्हणजे मुद्दा हा, की कामाचा फायदा कोणाला? तासाभराची चाचणी घेतली तर ती परीक्षा. पण तेच काम कंपनीने आपल्या गिऱ्हाइकाला विकलं तर माझ्या मते ती मजुरी झाली, आणि मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा अडकवू नये, हे तर आपल्या तोरातच सांगितलंय.

न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून मालकाने उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही. १ जून २०२५ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने जाहिरातीतच पगार सांगायचा. शेजारच्या कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात, १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर निवडीचा निर्णय झाला की नाही ते ४५ दिवसांत उमेदवाराला कळवलंच पाहिजे. असा नियम आपल्याकडेही यावा.

मुलांनो, तोवर ही आजी सांगते ते ऐका. काम घेण्याआधी नम्रपणे चार गोष्टी विचारा: किती तास लागतील? पैसे मिळणार का? माझं काम तुम्ही कुठे वापरणार? उत्तर कधी देणार? पाठवताना प्रत्येक पानावर आपलं नाव आणि तारीख घाला, एक प्रत जवळ ठेवा. दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम असेल तर म्हणा, "माझं आधीचं काम दाखवतो, ते बघा." विचारल्यावर जो रागावतो, तो पुढे पगार वाढवून मागितल्यावर काय करील?

आणि आपण म्हाताऱ्यांनी रोज सकाळी "लागली का रे नोकरी?" असं विचारू नये. त्याऐवजी चहा पुढे करावा आणि म्हणावं, "बाळ, त्यांनी बोलावलं नाही म्हणून तुझी किंमत कमी होत नाही."