आधी शेड, मग वस्ती

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा साचा आता पाठ झाला आहे. कोंबड्यांचं शेड बांधलं तेव्हा चारी बाजूंना ज्वारी होती. पुढे शेजारच्याने गुंठे पाडून विकले, घरं उभी राहिली, आणि एका पावसाळ्यात त्या घरांनी मिळून ग्रामसभेत अर्ज दिला: माश्या, वास, रात्री पक्षी भरायला येणाऱ्या गाड्यांचा गोंगाट. ठराव झाला, नोटीस आली. पत्राच्या शेवटी प्रश्न ठरलेला असतो : 'पशुपालनाला शेतीचा दर्जा मिळाला ना, मग पंचायत आम्हाला बंद कसं करू शकते?'

जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला, हे खरं. 25 हजारांपर्यंत ब्रॉयलर किंवा 50 हजारांपर्यंत लेअर सांभाळणारे त्यात बसतात. विजेचा दर, कर्जावरचं व्याज, ग्रामपंचायतीचा कर यांत दिलासा देणारा हा निर्णय आहे, आणि त्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले आहेत. पण ती सवलत आहे. शेड उभं ठेवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

कायद्याची मूळ बैठक आपल्या बाजूची कधीच नव्हती. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 प्रमाणे शेतसारा भरणारी जमीन पंचायतीच्या करातून सुटते, त्या जमिनीवरची इमारत सुटत नाही. कूळकायद्याच्या व्याख्येत तर कुक्कुटपालन हा जोडधंदा धरून शेतीबाहेरच ठेवला आहे. तक्रार प्रांताकडे गेली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 लागतं, म्हणजे जुनं 133. लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधक ठरणारा धंदा थांबवण्याचा वा हलवण्याचा सशर्त आदेश प्रांत काढू शकतात. तिथे 'मी आधीपासून इथे आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही. सार्वजनिक उपद्रव कितीही जुना झाला तरी त्याची वहिवाट होत नाही.

अंतराचा नियमही एकतर्फी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत नव्या शेडने निवासी भागापासून 500 मीटर लांब राहावं असं म्हटलं आहे. घराने शेडपासून किती लांब राहावं, याचा आकडा त्यात नाही. तुम्ही अंतर मोजून शेड बांधायचं आणि पुढे ते अंतर दुसऱ्याने खायचं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने याच गुंत्यावर 1981 मध्ये कायदा केला. असे कायदे तिथल्या पन्नासही राज्यांत आहेत, पण मिशिगनची मांडणी आपल्या कामाची. राज्याचा कृषी आयोग दरवर्षी शेतीपद्धतींची नियमावली तपासून जाहीर करतो: खत कसं साठवावं, जनावरं कुठे ठेवावीत. ही नियमावली पाळणाऱ्यावर उपद्रवाचा ठपका ठेवता येत नाही. 1999 च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. या कायद्याशी किंवा नियमावलीशी विसंगत असा स्थानिक संस्थेचा नियम चालेनासा झाला. तक्रार आली की राज्याचं कृषी खातं जागेवर येऊन पाहतं. तीन वर्षांत एकाच शेतावर तीनहून अधिक निराधार तक्रारी केल्या, तर पुढच्या तपासणीचा खर्च तक्रारदाराच्या माथी मारता येतो. हे कलम वाचून आपल्यापैकी अनेकांना गुदगुल्या होतील, याची कल्पना आहे.

पण त्याच देशात नॉर्थ कॅरोलायनात काय झालं तेही पाहावं. तिथल्या वराहपालनाच्या अवाढव्य शेडांतली विष्ठा उघड्या तळ्यांत साठवून शेतांवर फवारली जाते. 2018 मध्ये शेजारच्या दहा जणांच्या दाव्यात ज्यूरीने कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती साडेबत्तीस लाखांवर आली. लगेच विधिमंडळाने कायदा असा आवळला की पुढच्या शेजाऱ्यांना दावा लावणंच अवघड झालं. याला शेतकऱ्याचं संरक्षण म्हणायला आमची जीभ रेटत नाही. शेजारीही बहुतेक गरीबच असतो, आपल्याकडे तर तो अनेकदा भाऊबंदच.

म्हणून स्वतःच्या शेडकडे बघणं आलं. जुलै-ऑगस्टात पाण्याचे निपल गळून तूस भिजतं, त्याची खपली धरते, पाय दिला की खालून अमोनियाचा भपका येऊन डोळे चुरचुरतात, आणि आठवड्याभरात बांधापलीकडच्या स्वयंपाकघरात माश्या दिसायला लागतात. तूस वरचेवर उलथणं, चुना टाकणं, मर झालेले पक्षी ओढ्यात न फेकता खड्ड्यात पुरणं, बॅच गेल्यावर खत झाकून ठेवणं यांत नवं काहीच नाही. पण किती जण ते तारीख घालून लिहून ठेवतात? पाच हजारांच्या वर पक्षी असून प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र न घेतलेले आपल्यात थोडेथोडके नाहीत. अशा माणसाची बाजू प्रांतांपुढे कोणता वकील कशी मांडणार?

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये शेडची नोंद आहे का, ते याच महिन्यात पाहून घ्या. ज्या घरपट्टीला आपण शिव्या घालतो, तिची सगळ्यात जुनी पावती हा शेड आधीपासून असल्याचा चांगला पुरावा असतो. ती फाडू नका.

आणि संघटनांनी आता दराच्या पलीकडे जाऊन मागणी करावी. पशुसंवर्धन खात्याने राज्यासाठी एक नियमावली करावी. ती पाळणाऱ्या शेडवर पंचायतीच्या नुसत्या ठरावाने गदा येऊ नये, आधी खात्याच्या डॉक्टरांनी तपासणी करावी. शेड सुरू झाल्याची तारीख सरकारी दप्तरात नोंदली जावी आणि नंतर आलेल्या घराच्या तक्रारीत ती ग्राह्य धरली जावी. मुंबईत बोलणी सुरू झाली की देवाणघेवाण होणारच. तक्रारदाराकडून खर्च वसूल करण्याचं मिशिगनसारखं कलम तिथे सोडावं लागलं तरी चालेल, तारखेचं मात्र सोडू नये.