अर्धें वचन

आमचा नातू सुटींत तळेगांवीं आला होता. जेवतांना त्यानें विचारलें, “आजोबा, चित्रपटांतल्या त्या जर्मन पिस्तुलाच्या गोळीला ‘पॅराबेलम’ कां म्हणतात?” पानावर शस्त्रांचा विषय नको, असा स्वयंपाकघरांतून निषेध झाला, तेव्हां उत्तर ओटीवर द्यावें लागलें. शब्दांची फोड करण्यांत आमचा जन्म गेला. ही संधि आम्ही कशी सोडणार?

शब्द लॅटिन आहे. ‘पॅरा’ म्हणजे सिद्धता कर, ‘बेलम’ म्हणजे युद्धाची. शांति हवी असेल तर युद्धाची सिद्धता ठेव, अशा आशयाचें एक जुनें वचन आहे. त्याचे हे शेवटचे दोन शब्द. पिस्तूल करणाऱ्या बर्लिनच्या कंपनीचा तारेचा पत्ताही हाच होता.

ह्यूगो बोर्शार्ट यानें १८९३ सालीं एक पिस्तूल रचलें. पण तें हातांत अवजड वाटे. गेऑर्ग लुगर या ऑस्ट्रियन गृहस्थानें त्यास सुटसुटीत रूप दिलें. स्वित्झर्लंडच्या सैन्यानें तें १९०० सालीं, जर्मन आरमारानें १९०४ सालीं आणि जर्मन भूदलानें १९०८ सालीं स्वीकारलें.

त्याची सारी खुबी एका सांध्यांत आहे. वाचकांनीं आपला गुडघा आठवावा. पाय ताठ असतां तो अंगाचा भार सहज पेलतो. मागून हलका धक्का बसतांच मुडपतो. गोळी सुटतांना या पिस्तुलाचा सांधा तसाच ताठ असतो. धक्क्यानें नळी व सांधा मिळून किंचित मागें सरकतात. तेथील उतार सांध्यास वर उचलतो, तो मुडपतो आणि रिकामें काडतूस बाहेर पडतें. स्प्रिंगच्या जोरानें पुन्हां ताठ होतांना तोच सांधा मुठींतलें नवें काडतूस नळींत ढकलतो. चाप मात्र दर वेळीं ओढावा लागतो. म्हणून हें अर्धस्वयंचलित. मुठींत आठ काडतुसें मावत.

इतके बारकाईनें जुळविलेले भाग महाग पडत आणि धूळ-चिखल सोसत नसत. १९३८ सालीं जर्मन सैन्यानें वाल्थर पिस्तूल पत्करलें. पुढें लुगर मागें पडलें. त्याचें नऊ मिलिमीटरचें काडतूस मात्र उरलें. तें जगभर चालतें. आपल्या खडकीच्या कारखान्यांतही तयार होतें.

“मग तें वचन खरें कीं खोटें?” नातवानें पेच टाकला.

आमच्या वर्धा जिल्ह्यांतच याचीं दोन उत्तरें शेजारीं नांदतात. पुलगांवीं लष्कराचें दारूगोळ्याचें मोठें भांडार आहे. सेवाग्रामीं गांधीजी १९३६ सालीं राहावयास आले. देशानें पहारा सोडावा, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परंतु ३१ मे २०१६ रोजीं पुलगांवच्या भांडारांत आग भडकली, तेव्हां दोन लष्करी अधिकारी व आग विझविणारे अनेक जण प्राणांस मुकले. सिद्धतेलाही असें मोल द्यावें लागतें. आणि जर्मनीनें १९०८ सालीं हें पिस्तूल हातीं घेतलें, त्यानंतर सहाच वर्षांत महायुद्ध पेटलें!

आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, “बाळ, वचनाचा आरंभ शांतीपासून आहे. पिस्तुलाच्या नांवांत तेवढीच गळली.” अर्धें वचन म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं वर्गांत पूर्ण गुण कधींच दिले नाहींत.