प्लंबर आला नाही, याचा राग नेमका कोणावर?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या गप्पा कुठूनही सुरू होवोत, तासाभरात त्या प्लंबरवर येतात. बॉयलर बिघडला, तिघांना फोन केले, एकाने उचलला, त्याने सोमवारची वेळ दिली आणि तो उगवलाच नाही. घरात माणसे बसलेली असताना कुरियरवाला ‘तुम्ही भेटला नाहीत’ असे कार्ड टाकून पसार झाला. दुसऱ्याने पार्सल कुंपणावरून आत भिरकावले. तिसऱ्याने भर पावसात ते कचऱ्याच्या डब्यावर ठेवले, फोटो काढला आणि ‘पोहोचवले’ अशी नोंद करून टाकली. यातली एकही तक्रार खोटी नाही. बर्मिंगहॅममधल्या आमच्या भाड्याच्या घरात ऐन जानेवारीत अकरा दिवस गरम पाणी नव्हते. स्वेटरवर स्वेटर घालून आम्हीही त्या न येणाऱ्या माणसाला यथेच्छ शिव्या घातल्या आहेत.

आमचा आक्षेप तक्रारीला नाही, तिच्या मागोमाग येणाऱ्या वाक्याला आहे. “आपल्याकडे बरं असतं, एका फोनवर माणूस हजर!” हे वाक्य सवर्णांच्या तोंडून आले तर नवल नाही. पण ते आपल्या माणसांच्या बैठकीतही ऐकू येते, त्यावर माना डोलतात, म्हणून हा लेख.

एका फोनवर हजर होणारा हा माणूस कोण असतो? शहराच्या कडेच्या वस्तीत राहणारा, रोजंदारीवर जगणारा, ना विमा, ना हातमोजे. तो धावत येतो, कारण तो आला नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही आणि त्याच्या जागी यायला मजूर नाक्यावर दहाजण उभे असतात. त्याच्या या लाचारीला आपण ‘उत्तम सेवा’ म्हणतो. त्याला आपण ‘अरे-तुरे’ करतो, पाणी मागितले तर वेगळा पेला शोधतो. डिलिव्हरीवाल्यांनी दुसरी लिफ्ट वापरावी अशी पाटी सोसायटीत लागते आणि ती कोणाला खटकत नाही. श्रम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवायचे आणि तो तिथे बसला नाही की त्याला माजलेला म्हणायचे, ही सवय विमानात बसून आपल्याबरोबर इंग्लंडला जाते.

इथे तिला धक्का बसतो. प्लंबर स्वतःच्या व्हॅनमधून येतो, नाव सांगतो, कामाला हात लावण्याआधी नुसत्या येण्याचे पैसे किती तेही सांगतो. तासाचा दर ऐकून आयटीतल्या मंडळींना थंडीत घाम फुटतो. घरातला माणूस त्याला चहा विचारतो. कडक, दूध घातलेल्या चहाला इथे ‘बिल्डर्स टी’ असे नावच आहे आणि तो घरच्यांच्याच मगात दिला जातो. आम्ही इंग्लंडला समतेचा स्वर्ग मानत नाही. इथे माणसाचा वर्ग त्याच्या उच्चारावरून ओळखतात, ‘व्हाइट व्हॅन मॅन’ हा शब्दही पुष्कळदा नाक मुरडूनच वापरला जातो. तरी नळ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा नळच दुरुस्त करील, असे इथे कोणत्याही धर्मग्रंथाने ठरवून दिलेले नाही.

गटाराचेच घ्या. इथे गटार तुंबले तर पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र घेऊन गाडी येते, नळीतून कॅमेरा सोडला जातो. गाडी उद्या येते, परवा येते, बिल मोठे येते. आपल्याकडे २०१३ चा कायदा असूनही माणसाला आत उतरवतात, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे या वाचकांना सांगायला नको. “तिकडे तासाभरात मोकळं झालं असतं” असे म्हणणाऱ्याने ते कोणाच्या जिवावर झाले असते, तेही त्याच दमात सांगावे.

मग वाईट सेवा मुकाट्याने सोसायची का? मुळीच नाही. आगाऊ रक्कम घेऊन छत उघडे टाकून गायब होणाऱ्याला इथे ‘काउबॉय’ म्हणतात. त्याची बाजू घेण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. श्रमिक आहे म्हणून लबाडी माफ होत नसते. पण असे काउबॉय निपजतात कसे, तेही पाहा. गॅसचे काम करणाऱ्याला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. भिंत बांधणाऱ्याला, छत दुरुस्त करणाऱ्याला मात्र सरकारी परवाना लागत नाही. उद्या कोणीही व्हॅनवर नाव रंगवून ‘बिल्डर’ होऊ शकतो. हे सरकारने मोकळे सोडलेले दार आहे, पण त्यावरून शिव्या खातो तो शेजारचा प्रामाणिक गवंडीसुद्धा.

ग्राहकाच्या हातात कायदा आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झाले पाहिजे. झाले नाही तर ते पुन्हा करून मागता येते, तेही जमले नाही तर पैसे कमी करून घेता येतात. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लहान दाव्यांच्या मार्गाने चालवता येतो. आणि भाडेकरूचे तर प्लंबरशी देणेघेणेच नसते. गरम पाण्याची आणि घर तापवण्याची यंत्रणा चालू ठेवणे १९८५ च्या कायद्याने घरमालकावर टाकले आहे. आमच्याकडचा प्लंबर आला नाही, कारण एजन्सीने त्याला दहाव्या दिवसापर्यंत कळवलेच नव्हते! आम्ही लेखी तक्रार केली ती एजन्सीकडे आणि मालकाकडे. दुसऱ्या दिवशी माणूस आला, चाळीस मिनिटांत काम करून गेला.

पार्सलचेही तसेच. तुमचा करार दुकानदाराशी आहे, दारात आलेल्या माणसाशी नाही. वस्तू तुमच्या, किंवा तुम्ही सांगितलेल्या माणसाच्या, प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विकणाऱ्याचीच राहते. (‘दारामागे ठेवा’ असे तुम्हीच कळवले असेल तर गोष्ट वेगळी.) तरी दुकानदार म्हणतो कुरियरला विचारा, कुरियर म्हणते दुकानदाराला विचारा, आणि राग निघतो तो व्हॅनमधल्या माणसावर. पुष्कळ कंपन्यांत त्याला पगार नसतो, पार्सलमागे पैसे मिळतात. व्हॅन त्याची, डिझेल त्याचे, आजारपणही त्याचेच. घंटा वाजवून दोन मिनिटे थांबणे त्याला परवडत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये डॉर्सेटमधला एक मधुमेही कुरियर चालक वारला. रुग्णालयात दाखवायला गेला म्हणून कंपनीने आदल्या वर्षी त्याला १५० पौंड दंड लावला होता. केन लोच यांच्या २०१९ च्या चित्रपटाचे नाव ‘सॉरी वी मिस्ड यू’ आहे. तुमच्या दारात पडणाऱ्या त्या कार्डावरचेच शब्द.

या साऱ्याच्या मुळाशी ‘स्वयंरोजगार’ हा गोंडस शब्द आहे. ‘पिम्लिको प्लंबर्स’ या लंडनच्या कंपनीतल्या एका प्लंबरला हृदयविकाराचा झटका आला. त्याने आठवड्याचे दिवस कमी करून मागितले, तर कंपनीने व्हॅनच काढून घेतली. वर युक्तिवाद असा की हा आमचा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ‘वर्कर’ आहे असे ठरवले. २०२१ मध्ये उबरचे चालकही जिंकले. डिलिव्हरूचे रायडर मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये हरले, कारण त्यांच्या करारात ‘आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येईल’ असे कलम होते. युनियनमार्फत कंपनीला वाटाघाटीला बसवण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही.

याच कलमाच्या आडोशाने खाती भाड्याने देण्याचा धंदा वाढला आणि त्याची झळ आपल्या मुलांना बसते. विद्यार्थी व्हिसावर सत्रात साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि स्वयंरोजगार तर करताच येत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, भाडे थकले की एखादा दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन सायकलवर बसतो. खातेवाला त्याच्या कमाईतून कापून घेतो, पोलीस दिसले की याच्या पोटात गोळा येतो. परदेशी येऊ घातलेल्या मित्रांनो, या फंदात पडू नका. पकडले गेलात तर व्हिसा जातो, पदवी अर्धवट राहते. पण थंड झालेली बिर्याणी हातात पडल्यावर एक तारा देणाऱ्यांनी दारातला मुलगा कोण असू शकतो, याचाही विचार करावा.

पोस्टाची कथा आकड्यांत सांगता येते. रॉयल मेलचे खाजगीकरण २०१३ मध्ये झाले. २०२२-२३ मध्ये पहिल्या वर्गाची ९३ टक्के पत्रे दुसऱ्या कामाच्या दिवशी पोहोचायला हवी होती, पोहोचली ७३.७ टक्के. नियामक संस्था ऑफकॉमने ५६ लाख पौंड दंड केला, डिसेंबर २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख, ऑक्टोबर २०२५ मध्ये २ कोटी १० लाख. नियामकाने दंड कंपनीला केला, पोस्टमनला नाही. आपल्या बैठकीत मात्र शिव्या पोस्टमनला. २०२२ मध्ये पोस्टमनांनी १८ दिवस संप केला, तेव्हा “या आळशांना काढून टाका” असे म्हणणारे आम्ही ऐकले आहेत.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईतल्या कामगारांनी संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता, गिरणी कामगारांचे कम्युनिस्ट नेतेही बरोबर होते. पोस्टमनांना काढून टाका म्हणणाऱ्यांपैकी दोघे-तिघे दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून या संपाबद्दल तळमळून बोलतात. येत्या जयंतीला सभागृहातल्या कोणीतरी हात वर करून त्यांना २०२२ च्या संपाबद्दल विचारावे.