जुन्या कार्डाचा ऐब

ज्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा आणि एक जुना कॉम्प्युटर आहे, त्या घरात 'ग्राफिक्स कार्ड' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आमच्या घरी तो एका रमजान ईदनंतर आला. धाकट्याने ईदी मोजली, सुट्टीत मामूंच्या दुकानावर बसून मिळालेले पैसे त्यात मिळवले आणि जाहीर केले, "अब्बा, साडेपाच हजार झालेत. कार्ड घेऊ या."

कॉम्प्युटर एका ऑफिसातून निघालेला. अभ्यासाला पुरतो, पण गेम लावला की चित्र अडखळते. कारण पडद्यावरचे सगळे चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या चिपलाच रंगवावे लागते. मनासारखे नवे कार्ड घ्यायचे तर त्याची रक्कम कितीतरी कमी पडत होती आणि त्याच महिन्यात त्याच्या आपाची बी.एड.ची फी भरायची होती. तेव्हा ठरले की डिप्लोमा होईपर्यंत वर्षभर जुन्या कार्डावर भागवायचे, नंतर ते विकून टाकायचे. अम्मीने एकच अट घातली: "पैसे त्याचे, पण फसू नका."

वाचकहो, या खरेदीत आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, किमतीआधी कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहावा. मुलाचे मन आरएक्स ५८० वर बसले होते. २०१७ चे हे कार्ड जुन्या बाजारात स्वस्त मिळते, पण ते १८५ वॅट वीज घेते. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरीने द्यावी लागते. आमच्या ऑफिसच्या डब्यात ती वायरच नव्हती. म्हणजे कार्ड स्वस्त आणि त्यापायी नवा एसएमपीएस महाग! कार्डाची लांबीही मोजून घ्यावी, नाहीतर झाकण लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाचे वय. २०१६ चे जीटीएक्स १०६० अजून पुष्कळ ठिकाणी विकायला असते आणि ताकदीने ते वाईट नाही. पण एनव्हिडियाने २०२५ मध्ये त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. म्हणून आम्ही २०१९ चे जीटीएक्स १६५० पाहिले. ७५ वॅटवर चालते आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. जीटीए फाइव्ह, व्हॅलोरंट असे गेम त्यावर नीट चालतात. मात्र सगळेच चालेल अशी आशा धरू नये. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'सारख्या गेमला रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते. हे मुलाला आधीच सांगितले, म्हणजे नंतर रुसवा नको.

तिसरी गोष्ट म्हणजे कार्ड आधी कुठे राबले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते 'खणण्यासाठी' रात्रंदिवस चालवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे, सुकते ती चिपवरची थर्मल पेस्ट. काही ठिकाणी तर जुन्या चिपचे सॉफ्टवेअर बदलून ती नव्या नावाने विकतात. जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला की अशी बरीच बनावट कार्डे उघडी पडतात.

इतके वाचूनही आम्ही चुकलोच. लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारल्या, भाव जमला नाही. शेवटी एका मुलाच्या घरून ५,५०० ला कार्ड घेतले. त्याने कॉम्प्युटर चालू करून दाखवला, गेमही पाच मिनिटे चालवला. मगरिबची वेळ होत आली होती, आम्हाला निघायची घाई. घरी वीस मिनिटे गेम चालला आणि पंखा खडखडू लागला, कार्ड तापून चित्र अडकू लागले. फोन केला, तर त्याने उचललाच नाही. त्या रात्री मुलगा जेवला नाही. पैसे त्याच्या कष्टाचे होते.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने ७०० रुपयांत पंखा बदलून दिला, नवी पेस्ट लावली. कार्ड वर्षभर व्यवस्थित चालले. तेव्हा आमचा सल्ला असा की कार्ड निदान अर्धा तास गेम लावून पाहावे, कान पंख्याकडे आणि डोळे तापमानाच्या आकड्याकडे ठेवावेत. वॉरंटी उरली असेल तर मूळ बिल मागून घ्यावे.

वर्ष संपले, कार्ड विकायची वेळ आली. ४,८०० सांगायचे ठरले. मुलगा म्हणाला, "अब्बा, पंखा बदललाय ते सांगायची काय गरज? आता तर चालतंय ना."

आम्ही त्याला इतकेच विचारले, "त्या दिवशी आपल्याला कुणी सांगितलं असतं तर?"

तो गप्प बसला. मालातला ऐब झाकून विकू नये हे तो मक्तबात असल्यापासून ऐकत आला आहे. पण स्वतःचे पाचशे रुपये जाताना ते पाळण्याची ही त्याची पहिलीच वेळ. संध्याकाळी गिऱ्हाईक आले, तेही कॉलेजातलेच पोर. आमच्या मुलाने स्वतःच जुना पंखा काढून त्याच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. मग अर्धा तास गेम लावून दिला. त्या पोराने पाचशे कमी केले, ४,३०० दिले आणि खुशीने गेला.

हिशेब केला. ५,५०० आणि ७०० मिळून ६,२००. त्यातून ४,३०० परत आले. वर्षभराच्या खेळाचे १,९०० पडले, म्हणजे महिन्याला साधारण १६० रुपये. तात्पुरत्या सोयीला हे भाडे जड नाही.

परवा त्या पोराचा फोन आला होता. आमच्या मुलाने पहिल्या रिंगलाच उचलला. त्याला फक्त ड्रायव्हर कसा टाकायचा ते विचारायचे होते.