‘लाइव्ह’ नावाची बखर : लेड झेपेलिनच्या मैफलींची साधनचिकित्सा

१/ लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडविषयी दोन विधाने चाहत्यांमध्ये वेदवाक्यासारखी फिरतात. पहिले असे की, हा बँड रंगमंचावर ढिसाळ होता, त्याची करामत स्टुडिओतली. दुसरे नेमके उलटे : स्टुडिओतले सारे कृत्रिम, खरा बँड ‘लाइव्ह’च ऐकावा. गंमत अशी की, दोन्ही पक्ष बहुधा एकाच पुराव्यावर विसंबून भांडत असतात. तो पुरावा कोणी, केव्हा आणि कशासाठी तयार केला, हे मात्र कोणी विचारत नाही. या धाग्यात तेवढेच विचारायचे आहे.

२/ आधी पार्श्वभूमी. १९६८ साली जिमी पेज, रॉबर्ट प्लँट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बोनम एकत्र आले. २५ सप्टेंबर १९८० रोजी बोनमचा मृत्यू झाला आणि बँड थांबला. या बारा वर्षांत त्यांचा अधिकृत लाइव्ह अल्बम आला तो एकच : ‘द साँग रिमेन्स द सेम’, १९७६, त्याच नावाच्या चित्रपटासोबत. दूरचित्रवाणीपासून हे चौघे शक्यतो दूरच राहिले. त्यामुळे ज्यांना सभागृहात जाता आले नाही, त्यांच्यासाठी झेपेलिनची मैफल म्हणजे हा अल्बम आणि हा चित्रपट.

३/ आता या साधनाची झडती घेऊ. चित्रीकरण झाले न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, २७, २८ आणि २९ जुलै १९७३ या तीन रात्री. नंतर लक्षात आले की, जुळवणीसाठी दृश्ये अपुरी आहेत. मग १९७४ मध्ये इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत रंगमंच उभारून, जुन्या ध्वनिमुद्रणाच्या तालावर वादनाचा अभिनय पुन्हा चित्रित केला गेला. जोन्सने मधल्या काळात केस कापले होते, म्हणून त्याला टोप चढवावा लागला. चित्रपट प्रदर्शित झाला ऑक्टोबर १९७६ मध्ये.

४/ म्हणजे जी ‘एक रात्र’ आपण पाहतो, ती प्रत्यक्षात तीन रात्री, एक वर्षानंतरचा स्टुडिओ आणि आणखी दोन वर्षांची संकलनाची टेबले मिळून घडली आहे. त्यात अल्बममधली जुळवणी वेगळी आणि चित्रपटातली वेगळी. यात पाप काही नाही. चित्रपट असेच बनतात. पाप घडते ते आपल्याकडून, जेव्हा आपण हा चित्रपट दाखवून ‘पाहा, १९७३ मध्ये हे असे वाजवत’ असा निवाडा देतो. स्तुतीचा असो वा निंदेचा, तो निवाडा संकलनावर पडतो, वादनावर नाही.

५/ मराठी इतिहासाच्या वाचकाला हा भेद नवा नाही. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून समकालीन पत्रे पुढे ठेवली, तेव्हापासून आपण बखर आणि पत्र यांना एका तराजूत तोलत नाही. बखर नंतर लिहिली जाते, कोणाच्या तरी आज्ञेने लिहिली जाते, आणि तिला कथा सुसंगत करायची असते. बखर त्याज्य नाही, पण ती बखर म्हणूनच वाचावी लागते. अधिकृत लाइव्ह अल्बम ही रॉक संगीताची बखर आहे. हीच शिस्त आपण कानांना का लावत नाही?

६/ कोणी म्हणेल, १९७६ चा अल्बम सोडा, २००३ चा ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ ऐका, तो खरा. अल्बम उत्तमच आहे. माझ्या मते बँडच्या ताकदीचे त्याहून प्रभावी अधिकृत चित्र नाही. पण तोही २५ जून १९७२ ची लॉस एंजेलिसमधील मैफल आणि २७ जूनची लाँग बीचमधील मैफल जोडून, एकसंध संध्याकाळ वाटावी असा रचलेला आहे. ती संध्याकाळ कोणत्याही दिनदर्शिकेत सापडणार नाही. एकतीस वर्षांनी, निवडलेल्या क्षणांतून उभे केलेले ते स्मारक आहे.

७/ निवड करणारा कोण? जिमी पेज. बँडचा गिटारवादक, त्याच्या स्टुडिओ अल्बमांचा निर्माता आणि या लाइव्ह अल्बमाचा संकलकही तोच. हितसंबंध असलेला साक्षीदार खोटेच बोलतो असे नाही. पण तो काय गाळतो, हे पाहणे आपले काम. १९७५ चे उदाहरण घ्या. जानेवारीत अमेरिकेच्या दौऱ्याआधी पेजच्या डाव्या हाताचे बोट रेल्वेच्या दारात चेमटले, आणि दौऱ्याच्या आरंभी प्लँट फ्लूने बेजार होता. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे पेजचे प्रदीर्घ गाणे काही मैफलींपुरते वगळून जुने ‘हाऊ मेनी मोअर टाइम्स’ परत आणावे लागले.

८/ २००३ च्या अधिकृत डीव्हीडीत १९७५ साल दिसते ते मे महिन्यातल्या लंडनच्या अर्ल्स कोर्टचे. तोवर बोट बरे झाले होते, कंठ मोकळा झाला होता. जानेवारीतला तो जखमी, अडखळणारा, तरीही पर्याय शोधणारा बँड ऐकायचा असेल, तर अधिकृत दप्तरात जागा नाही. तो सापडतो श्रोत्यांनी चोरून केलेल्या ध्वनिफितींत, ज्यांना चाहते ‘बूटलेग’ म्हणतात. माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला बँडची खरी ओळख अशाच रात्री होते. सारे काही सुरळीत असताना कौशल्य दिसते. बोट दुखत असताना स्वभाव दिसतो.

९/ या फिती करणाऱ्यांत सर्वांत ख्यातनाम म्हणजे मायकेल मिलार्ड. जून १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहात तो चाकांच्या खुर्चीतून शिरला. खुर्चीत दडवले होते नाकामिची कंपनीचे कॅसेट यंत्र. २१ जूनच्या त्याच्या फितीत बोनमचे ढोल ज्या वजनाने कानावर आदळतात, ते वजन १९७६ च्या अल्बममध्ये मला कधीच जाणवले नाही. दुसरीकडे बँडचा व्यवस्थापक पीटर ग्रँट अशा मुद्रकांचा कर्दनकाळ होता. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याने जे यंत्र बूटलेगवाल्याचे समजून फोडले, ते आवाजाची पातळी मोजणाऱ्यांचे निघाले!

१०/ आक्षेप ठाऊक आहे : बूटलेग ही कलावंताची चोरी. दुसऱ्याच्या श्रमावर तबकड्या छापून विकणाऱ्यांचे समर्थन मी करत नाही. पण जतन आणि विक्री या दोन गोष्टी आहेत, आणि साधनाचे मूल्य त्याच्या जन्माच्या कायदेशीरपणावर ठरत नाही. तसे ठरवले, तर शत्रूने वाटेत पकडलेली पत्रेही इतिहासातून बाद करावी लागतील.

११/ बूटलेगही देववाणी नव्हे, हे तितक्याच ठामपणे सांगायला हवे. फितीचा वेग बदलला की स्वर चढतो वा उतरतो. वेष्टनावरची तारीख विक्रेत्याच्या सोयीची असू शकते. यंत्र एका खुर्चीपाशी असते, तेव्हा ऐकू येते ती त्या खुर्चीची मैफल. शेजारचा टाळ्या पिटत असेल, तर आपणही टाळ्याच ऐकतो. म्हणून एक फीत म्हणजे एक साक्ष. दोन फिती, अधिकृत अल्बम आणि वृत्तपत्रातली दखल समोरासमोर ठेवल्यावरच त्या रात्रीविषयी बोलण्याचा अधिकार येतो.

१२/ अशी तुलना केली की ‘ढिसाळ’ हा शेरा गळून पडतो. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ पहिल्या अल्बममध्ये साडेसहा मिनिटांचे आहे. १९७६ च्या लाइव्ह अल्बममध्ये ते सुमारे सत्तावीस मिनिटांचे होऊन तबकडीची अख्खी बाजू व्यापते. वेगवेगळ्या वर्षांच्या फिती ओळीने ऐकल्या, तर मधला प्रवास कळतो : कोणता तुकडा टिकला, कोणता गळाला, कुठे चौघे एकमेकांची वाट पाहत राहिले. चुका आहेत, पुष्कळ आहेत. पण त्या नवे काही शोधणाऱ्यांच्या चुका आहेत.

१३/ आणि ‘स्टुडिओ म्हणजे कृत्रिम’ म्हणणाऱ्यांना एकच उत्तर : ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, १९७१. हे ढोल इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात वाजवले गेले आणि ध्वनिग्राहक वर जिन्यात टांगले गेले. आपण ऐकतो तो त्या वास्तूचा आवाज. रंगमंचावर हे गाणे १९७५ च्या आरंभीच्या मोजक्या मैफलींपलीकडे टिकले नाही. स्टुडिओची तबकडी आपण घडवलेली वस्तू आहोत हे लपवत नाही. त्या अर्थी ती ‘लाइव्ह’ शिक्क्याच्या अल्बमापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

१४/ शेवटचा पुरावा मुंबईचा. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांसोबत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, ‘कोडा’ अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षे हे मुद्रण बूटलेगांनीच जिवंत ठेवले. आणि अधिकृत गीतयादीत आपल्या वादकांच्या वाट्याला काय आले? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढे सामुदायिक नाव. बखरीत सरदारांची नावे असतात, शिपायांची नसतात.

१५/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘सर्वश्रेष्ठ लाइव्ह अल्बम’ची यादी घेऊन आला, तर चार प्रश्न विचारावेत. किती रात्री जोडल्या? केव्हा जोडल्या? कोणी जोडल्या? काय गाळले? उत्तरे मिळाल्यावर अल्बम खुशाल डोक्यावर घ्यावा, मीही घेतो. मतभेद असतील तर जरूर मांडावेत, मात्र मैफलीची तारीख आणि फितीच्या तपशिलासह. धागा समाप्त.