एक ओळ, साडेचारशे अक्षरं

शनिवारी सकाळी पोहे समोर असताना ऑफिसचा फोन आला की समजायचं, काहीतरी पडलंय. मागच्या महिन्यात तसंच झालं. जावाची एक सर्व्हिस दर तासाला मेमरी संपून मरत होती. मी म्हटलं, "अरे, कालच तर मेमरी वाढवली ना?" वाढवली होती. स्टार्टअप स्क्रिप्टमधल्या एका ओळीत, सुरुवातीलाच ४ जीबी लिहिलं होतं. त्याच ओळीच्या शेवटी, स्क्रीनच्या पार बाहेर, कधीकाळचे ५१२ एमबी दडून बसले होते. एकच ऑप्शन दोनदा दिला की शेवटचा लागू होतो. झालं!

गंमत म्हणजे तो बदल तपासून पास केला होता मीच. डिफमध्ये काय दिसलं? एक लांबलचक लाल ओळ, खाली तशीच हिरवी. कोण वाचतो? मीही नाही वाचली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: ओळीची लांबी हा सौंदर्याचा प्रश्न नाही. कोडला निदान टेस्ट तरी असतात, कॉन्फिगला बहुतेक वेळा फक्त डोळे असतात. आणि डोळे खाली जातात, उजवीकडे जात नाहीत.

८० अक्षरांची मर्यादा आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावरून आली. मी काही तिची पूजा करत नाही. माझा नियम साधा आहे: एक निर्णय, एक ओळ. शेलमध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देऊन तोडा. मात्र त्याच्यापुढे एक जरी स्पेस राहिली तरी आदेश तिथेच तुटतो, आणि ती स्पेस दिसतही नाही. त्यापेक्षा बॅशचा अ‍ॅरे बरा, मध्ये कॉमेंटही लिहिता येते. यामलमध्ये 'मोठे आहे'चं चिन्ह दिलं की खालच्या ओळी स्पेसने जोडल्या जातात, उभी रेघ दिली तर जशाच्या तशा राहतात. क्रॉनटॅबमध्ये ओळ तोडायची सोयच नाही. मग सगळा आदेश स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव ठेवा.

"पण फाइल केवढी लांब होते!" असं आमचा एक मित्र म्हणतो. होऊ दे की! आई किराण्याची यादी करते तेव्हा साखर, तूरडाळ, पोहे एकाखाली एक लिहिते. कागद वाचवायला सगळं एका ओळीत कोंबत नाही. म्हणून तर दुकानदाराला एकेकावर टिक करता येते, आणि साखर दोनदा लिहिली गेली तर तो लगेच विचारतो.

आमच्या स्क्रिप्टला विचारणारं कोणी नव्हतं. आता त्या एका ओळीच्या एकोणीस ओळी झाल्यात. तोडताना आणखी दोन ऑप्शन दोनदा सापडले, ते किती दिवस तसे होते देव जाणे.

सोमवारी गेलात की तुमच्याकडची सगळ्यात लांब ओळ तेवढी शोधा. पोहे गरम असतानाच बरे लागतात.